अठ्ठावीस बरगड्या

१

सकाळी गुंडू गवळी दारात म्हैस उभी करून दूध काढून द्यायचा, आणि त्या दुधाचा फेस बसायच्या आत अंबूबाईंची पूजा सुरू व्हायची. बावीस वर्षांत यात खंड नव्हता. आधी बाळकृष्ण, मग अन्नपूर्णा, मग अंबाबाईचा टाक. शेवटी तांब्याचं एक ताम्हन त्या चिंच लावून घासायच्या, कोरडं करायच्या आणि रिकामंच परत ठेवायच्या. त्यातला शाळिग्राम वाटण्या झाल्या तेव्हा पेठ वडगावला थोरल्या घरी गेला होता. थोरलेपणाचा मान तो, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण रिकामं ताम्हन पुसताना हात जरा रेंगाळायचा, एवढंच.

त्या वर्षी, सहासष्ट साली, अधिक श्रावण आला आणि त्याच आठवड्यात शालू माहेरी आली. सातवा लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते. एकदा तिसऱ्यात आणि एकदा पाचव्यात सगळं संपलं होतं. जावईबापूंनी शिरोळहून तिला एस.टी.नं आणून सोडलं, तर पोरीच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. पोटात पाण्याचा घोटसुद्धा टिकत नव्हता.

अंबूबाईंनी देवापुढं पदर पसरला. अधिक महिनाभर विष्णूला रोज तेहतीस पळ्या पंचामृताचं स्नान, आणि ते तीर्थ शालूला अनशापोटी. "एवढं एक लेकरू हाती लागू दे रे नारायणा. मग माझं काही मागणं नाही."

नवस तर बोलून गेल्या. पण स्नान घालायला नारायण हवा ना! सुपारी मांडून भागवता आलं असतं. पण नवस एवढा मोठा आणि सुपारी एवढीशी, हे त्यांच्या मनाला पटेना.

त्यांचे यजमान आण्णा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. सोप्यातल्या टेबलावर त्यांनी त्या उन्हाळ्यापासून एक लाकडी पेटी उघडून मांडली होती. दक्षिणेत त्रिचनापल्लीकडं राहणाऱ्या त्यांच्या एका जुन्या सरांनी ती पाठवली होती. गवताच्या वेष्टणात वीस-बावीस दगड, गोल वेटोळं घातलेले. भिंग, कुंचला, फूटपट्टी आणि कार्डांची चळत घेऊन आण्णा रोज संध्याकाळी बसायचे आणि एकेका दगडाची जात ठरवायचे.

"अहो, हे तर सगळे शाळिग्रामच की," अंबूबाई चहाची कपबशी ठेवता ठेवता म्हणाल्या.

"तेच ते. तुमचा गंडकीतला देव आणि माझे हे, भाऊभाऊ. समुद्रात राहणारा प्राणी. कवच राहिलं, प्राणी गेला."

"गेला कुठं?"

"अगं, कुजला. मऊ असतं ते कुजतं. कठीण असतं ते दगड होऊन राहतं." आण्णांना विचारणारं कुणी भेटलं की त्यांचा वर्ग सुरू व्हायचा. "हे बघ. ह्या उभ्या रेघा म्हणजे बरगड्या. किती आहेत, सरळ आहेत की वाकड्या, मध्ये फुटतात का, त्यांच्यावर गाठी आहेत का, ही सगळी नक्षी बघून जात ठरवायची. हा मधला खळगा, ही बेंबी. आणि हे तोंड. प्राणी वाढतो तसा तोंडाशी एकेक नवी बरगडी घालत जातो. आपण स्वेटरला ओळ घालतो तशी."

"आणि हा? हा बाजूला का काढलाय?"

तो मुठीत मावेल एवढा होता, काळाभोर, आणि हाताला इतका गुळगुळीत की नुकता तेलातून काढल्यासारखा. आण्णांनी कपाळाला आठी घातली. "ह्याला जातच लागत नाही. चार पुस्तकं पालथी घातली, कुठल्याच वर्णनात बसत नाही. हे कार्ड. बरगड्या अठ्ठावीस, दर चौथीवर गाठ, तोंड मातीनं बुजलेलं. पुढं काय लिहू? महिन्याभरानं असाच परत पाठवणार." आणि हसून म्हणाले, "तोवर बसव की तुझ्या ताम्हनात. तुझं तरी काम होईल."

त्यांनी थट्टा केली. अंबूबाईंना ती आज्ञा वाटली. मागायच्या आधी देव घरात येऊन बसला होता आणि आपण त्याला पेटीत गवतावर ठेवला होता, या विचारानं त्यांना भरून आलं. शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, तो मुळातच जागा असतो, असं त्यांचे वडील सांगायचे. आणि एकदा घरात घेतला की त्याला एक दिवसही उपाशी ठेवू नये, हेही सांगायचे.

२

पहिल्या दिवसापासून तीर्थ लागू पडलं.

शालूनं तळहात पुढं केला, अंबूबाईंनी त्यात पळीभर तीर्थ घातलं, आणि आता उलटी होणार म्हणून तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. काहीच झालं नाही. शालूनं ओठ चाटले. दुसऱ्या दिवशी तळहातही चाटला. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, अजून एक पळी दे की."

आठवड्यात पोरीच्या गालावर रंग दिसायला लागला. अंबूबाई अंबाबाईच्या देवळात जाऊन नारळ फोडून आल्या. शालूचं अंग चोळायला बायडाबाई यायची. पेठेतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. तिनं परसातूनच हाळी दिली, "काय वैनी, धोंड्याचा म्हैना म्हनून धोंड्यालाच दूध पाजताय म्हनं?"

"शालूला मानवलंय बघ बायडाबाई."

"मानवंना की! माज्या सुनंला वकाऱ्या हुत्या तवा धोंडा न्हाय मिळाला, नायतर तिलाबी धुऊन पाजला असता."

दोघी हसल्या. शालूही हसली. कितीतरी महिन्यांनी.

एक गोष्ट अंबूबाईंच्या ध्यानात आली, पण आनंदाच्या भरात त्यांनी ती मनावर घेतली नाही. पळीचं माप हातातलं होतं. तेहतीस पळ्या ओतल्या की ताम्हनात वाटीभर पंचामृत साठायला हवं. पहिल्या दिवशी साठलं. मग पाऊण वाटी. मग अर्धी. त्यांनी ताम्हन उचलून बुडाला भोक पडलंय का ते बघितलं. पाटावर हात फिरवला. कोरडा.

"दगड पितो," आण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "वीट नाही पाणी पीत? तसंच. बारीक छिद्रं असतात."

वीट पिते, हे खरंच होतं. रेशनची साखर आणि घरचं तूपसुद्धा पिते का, हे विचारायचं अंबूबाईंच्या तोंडावर आलं होतं.

३

नवव्या दिवशी सकाळी देवघराचं दार उघडलं आणि त्यांना पहिल्यांदा वास आला.

त्यांच्या घरात कधी सुकट आलेली नव्हती. शेजारच्या गल्लीत रविवारी कुणाकडं तरी भाजायचे, तेव्हा त्या खिडकी लावून घ्यायच्या. तसा वास होता, पण तेवढाच नाही. त्याच्या खाली आणखी एक वास होता, गोडसर आणि कोमट, बाळाच्या मानेच्या वळ्या पुसायच्या राहिल्या की येतो तसा.

ताम्हनातून पाटावर, पाटावरून फरशीवर, एक चकचकीत रेघ उमटली होती.

"गोगलगाय!" त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या. पावसाळ्यात परसात गोगलगायी मायंदाळ. अळूच्या पानांची चाळण करतात. एखादी मोरीतून आली असेल. शाळिग्रामावर काल वाहिलेली तुळस त्यांनी उचलली, तर बोटांना ती लागलीच नाही. पान राहिलंच नव्हतं. नुसती शिरांची जाळी, आणि ती जाळी एका गिळगिळीत थेंबात बसलेली. त्यांनी हात झटकला. थेंब सुटेना. बोटावरून लोंबला, लांब झाला आणि तसाच राहिला.

चार वेळा राखेनं हात धुऊन त्यांनी पूजा केली. नवसात खंड नको. पण त्या दिवशी ताम्हनातलं तीर्थ भांड्यात काढताना ते सरळ पडलं नाही. भेंडी चिरताना सुरीला येते तशी तार धरून ते पडलं, आणि भांड्यात पडल्यावर क्षणभर आपलंआपण हलल्यासारखं वाटलं. दूध फाटलं असेल. दह्याला तार आली असेल. पावसाळी हवेत विरजण बिघडतं, कुणालाही विचारा.

पोरीला द्यायच्या आधी आपण चव बघावी म्हणून त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला.

थेंब घशाखाली गेला नाही. जिभेवर बसून राहिला, तिच्या ऊबेइतकाच ऊबदार. शेवटी पाणी पिऊन ढकलावा लागला, आणि जाताना तो घशात कुठं कुठं लागला ते त्यांना दिवसभर कळत राहिलं.

"आज नको घेऊस गं शालू. दही बिघडलंय."

"मग काय झालं?" शालूनं त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि तोंडाला लावलं. मान मागं टाकून, घटाघटा, डोळे मिटून. खाली ठेवताना तिच्या हनुवटीवरून भांड्याच्या काठापर्यंत एक तार लोंबत होती. ती तिनं जिभेनं आत ओढली.

अंबूबाईंनी तोंड फिरवलं. आपल्या लेकीकडं बघवू नये, याची त्यांना लाजही वाटली.

४

त्या संध्याकाळी आण्णांनी दगड मागितला. सरांचं पत्र आलं होतं. त्या बेजात दगडाचं पूर्ण वर्णन आणि चित्र हवं होतं.

दिव्याखाली धरून त्यांनी भिंगातून मोजायला सुरुवात केली. पेन्सिलीचं टोक एकेका बरगडीवर टेकत होतं. एकदा मोजलं. कार्ड बघितलं. पुन्हा मोजलं.

"काय झालं?"

"एकतीस."

"म्हणजे?"

"अठ्ठावीस लिहिलीत मी." आण्णांनी चष्मा पुसला. "तोंडाकडची माती गेलीय. त्याखाली तीन झाकल्या असणार. तू रोज घासतेस ना?"

"मी नुसती बोटं फिरवते."

"तेच. दुधानं सुटली." त्यांनी अठ्ठावीसवर काट मारून एकतीस लिहिलं. पण उठले नाहीत. शेवटच्या बरगडीवर त्यांनी नख दाबलं. मग काहीतरी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला, आणि नखाकडं बघत राहिले.

"अहो?"

"काही नाही. ओला आहे, म्हणून मऊ लागला."

दगड ओला झाला म्हणून मऊ लागत नाही, हे अंबूबाईंनाही ठाऊक होतं. आणि आण्णा तर पंचवीस वर्षं दगडच शिकवत होते. तरी आण्णांनी चित्र काढलं, आणि ते काढताना तोंडाचा भाग बराच वेळ कोरा ठेवला.

पाच दिवसांनी त्यांनी न बोलवता देवघराच्या उंबऱ्याशी येऊन, लांबूनच, बोटं हलवत मोजलं. "तेहतीस," असं काहीसं पुटपुटले आणि छत्री घेऊन बाहेर पडले.

५

गोगलगायींवर उपाय मिठाचा. अंबूबाईंनी ताम्हनाभोवती पाटावर जाडं मीठ ओतून गोल काढला. देवाभोवती मीठ टाकणं शास्त्रात बसतं का ते माहीत नव्हतं, पण देव समजून घेईल. आता बाहेरून काही यायचं नाव नको.

सकाळी बघितलं तर मिठाच्या बाहेर फरशी कोरडी ठणठणीत होती.

रेघ आत होती. ताम्हनाच्या काठावरून उतरून मिठापर्यंत आली होती, मिठाच्या कडेकडेनं पूर्ण एक फेरा मारला होता, आणि पुन्हा ताम्हनात चढली होती. जिथं मीठ लागलं होतं तिथं फेस वाळून पिवळट पापुद्रा धरला होता. शाळिग्राम आपल्या जागी होता. तोंडाची माती आता सगळी गेली होती. आत बघू नये असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी बघितलं नाही. तुळशीचं पान दुरूनच टाकलं. ते पडलं तिथंच राहिलं, पण त्याचा देठ हळूहळू वळला.

त्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. वारा असेल.

आतून शालू रडत होती. ताटातली आमटी तिनं सांडून टाकली होती. "आई, काय घातलंयस ह्यात? आग होते, सगळी आतून आग होते!"

"अगं, नेहमीचीच आहे बाळ. मीठसुद्धा बेतानं..."

"मीठच नको! मीठ नको मला घरात!"

तेवढ्यात बायडाबाई आली. तिनं शालूला आडवं केलं, खोबरेल हातावर घेतलं, आणि पोटावरून हात फिरवता फिरवता तिची बडबड थांबली. बायडाबाईची बडबड थांबली म्हणजे काहीतरी असायचंच. तिनं बेंबीभोवती तळवा टेकला, दाबला, जरा सरकवला.

"डोकं कुठं आहे?" अंबूबाईंनी विचारलं.

"बघतोय की." बायडाबाईनं हात उचलला आणि लुगड्याला पुसला. तेल पुसावं तसा नाही. काही लागलंय असा. मग अंबूबाईंना परसात बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "वैनी, चाळीस वर्सं झाली मला. डोकं लागतं, पाय लागत्यात, पाठीचा कना लागतो. ह्ये काय लागतंय ते मला म्हाईत न्हाय. डागदरनीला दावा."

दवाखान्यात दाखवलं. तिथल्या बाईंनी पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. ठोका छान आहे म्हणाल्या. जरा सावकाश आहे, पण छान जोरकस आहे.

अंबूबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच हात जोडले. ह्या खेपेला राहिलं होतं! आतापर्यंत टिकलं होतं! मग मन एवढं का कचवत होतं? त्यांना त्या तीर्थाची किळस यायला लागली होती, आणि त्याच तीर्थानं पोरगी उभी राहिली होती. बंद करावं तर नवस मोडतो, पोटातलं जाईल. चालू ठेवावं तर... पुढचं त्यांना मनातही म्हणता येईना.

६

सोडवणूक झाली ती पेठ वडगावहून आलेल्या तारेनं. आण्णांचे चुलते गेले. नव्वदीचे होते, सोनं झालं. पण भावकीचं सुतक आलं. दहा दिवस.

दहा दिवस देवाला शिवायचं नाही!

मेल्या माणसाच्या बातमीनं आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, हे पाप पदरात घेऊन अंबूबाईंनी डोळे पुसले. हा मोडता माणसानं घातलेला नव्हता, वरूनच आला होता. नवस आपण तोडला नाही. त्यांनी आण्णांना हाक मारली. "अहो, तुम्ही काही शिवाशिव पाळत नाही. तेवढा दगड उचला आणि तुमच्या पेटीत ठेवा. कापसात गुंडाळून. झाकणाला खिळा मारा."

आण्णांनी तो चिमट्यानं उचलला. खिळा मारल्याचा आवाज ऐकला तेव्हा अंबूबाईंना बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा सणकून भूक लागली. दुसऱ्या दिवशी आण्णा वडगावला गेले, दहाव्यापर्यंत तिथंच राहणार होते.

घर निवांत झालं. शालू दोन दिवस पडून राहिली, भिंतीकडं तोंड करून. अंबूबाईंनी गुरगुट्या भात केला, अळणी. तिनं चार घास खाल्ले, ओकून टाकले. बांगड्या पुन्हा सैल दिसायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून उठली, न्हाली, ओलेत्यानं तुळशीला पाणी घातलं. चेहरा टवटवीत.

"बरं वाटतंय गं?"

"बरंच आहे की." ती वेणी पिळत हसली. "आई, तुम्हाला सुतक. मला कुठलं? मी परघरची. नवस अर्ध्यावर टाकू नये, तूच सांगत होतीस. मी चालू केलंय."

चूक काहीच नव्हती. दिल्या घरच्या लेकीला बापाच्या चुलत्याचं सुतक नसतं, आणि धरलेलं व्रत दुसऱ्याच्या हातून चालवता येतं. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, परकरी होती तेव्हा, वाती वळता वळता.

त्या सोप्यात गेल्या. पेटीचं झाकण लागलेलं होतं. खिळाही होता, फक्त वाकडा. आतलं गवत आणि कापूस ओला होऊन एकमेकांना चिकटला होता.

७

सुतकातल्या बाईनं देवघराचा उंबरा ओलांडायचा नसतो. म्हणून अंबूबाई सोप्यात पाटावर बसून राहायच्या, आणि ऐकायच्या.

पूजेचे आवाज त्यांना पाठ होते. पळी ताम्हनाला लागते तो. घंटेचा. शालूच्या पूजेत घंटा वाजत नव्हती. दार लोटलेलं असायचं आणि गुंडूनं दिलेलं दूध सगळंच्या सगळं आत जायचं. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग एक बारीक आवाज सुरू व्हायचा, चुळुक, चुळुक, मध्ये थांबून पुन्हा. वासरू लुचतं तसा.

नळ गळत असेल. पण देवघरात नळ नव्हता. उंदीर असेल. उंदीर असं दमानं पीत नाही.

सातव्या दिवशी भर दुपारी तो आवाज सुरू झाला. अंबूबाई उठल्या. "शालू?" आवाज थांबला नाही. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. दार बोटभर उघडं होतं.

शालू जमिनीवर उताणी झोपली होती. पदर बाजूला, पोट उघडं, आणि ते इतकं ताणलेलं की दिव्याच्या उजेडात चकाकत होतं. शाळिग्राम बेंबीवर होता. तोंड खाली करून ठेवलेला. ती एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं पळीपळीनं दूध सोडत होती, आणि दूध बाजूंनी ओघळत नव्हतं.

तिला आईची चाहूल लागली असावी. तिनं दगड उचलला.

तो लगेच सुटला नाही. दगड आणि पोट यांच्यामध्ये काहीतरी ताणलं गेलं. सायीसारखं पांढुरकं, कडांना जांभळट, आणि त्याला घड्या होत्या, आणि घड्या उघडमीट करत होत्या. एका टोकाला काहीतरी काळं, टिकलीएवढं, अंबूबाईंच्या दिशेला वळलं. मग ते सगळं आखडलं आणि आत गेलं.

कुठं आत गेलं, ते त्यांना दिसलं नाही. दगडात की दुसरीकडं. त्यांनी बघितलं असतं तर दिसलं असतं. एक पाऊल पुढं टाकलं असतं, दगड हिसकावून मोरीत आपटला असता, तर कदाचित. पण पाय उंबऱ्यावर उचलला आणि तसाच मागं आला. सुतक होतं.

त्या परसात पोचायच्या आधीच त्यांना उलटी झाली. भिंतीला धरून त्या वाकून उभ्या होत्या, आणि आतून शालूचा आवाज येत होता, अगदी पूर्वीचा, लहानपणचा. ती अंगाई म्हणत होती.

८

आण्णा दहावं उरकून आले. आल्या आल्या अंबूबाईंनी त्यांना दगड आणायला लावला. शालूनं मुकाट्यानं देऊन टाकला. "न्या की," म्हणाली. "आता नाही लागत."

आण्णांनी तो हातावर तोलला. भुवया उंचावल्या. "हलका लागतोय." तोंडाकडून भिंग लावून आत बघितलं. "पोकळ आहे हा. स्वच्छ पोकळ, धुऊन काढल्यासारखा." मग पेन्सिल घेऊन मोजायला बसले. अंबूबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"अठ्ठावीस," आण्णा म्हणाले. पुन्हा मोजलं. "अठ्ठावीसच की गं!" आणि एकदम मोठ्यानं हसले, आजारातून उठलेला माणूस हसतो तसे. "मीच चुकलो होतो. चष्म्याचा नंबर बदलला असणार. बघ, मी आणि डोक्यात काय काय घेऊन बसलो होतो!" एकतीसवर काट मारून त्यांनी पुन्हा अठ्ठावीस लिहिलं, त्याच दिवशी पेटी बांधली आणि स्टेशनवर जाऊन पार्सल करून आले.

अंबूबाईंनी देवघर गोमूत्रानं धुतलं. ताम्हन चिंचेनं घासून पालथं ठेवलं. अधिक महिना संपला. जावईबापूंना तेहतीस अनारशांचं वाण गेलं. सगळं यथासांग झालं.

शालूची तब्येत तर अशी सुधारली की बघणारीची दृष्ट लागावी. बायडाबाई तेवढी यायची थांबली. निरोप घेऊन पोरगी पाठवली, "म्हातारी म्हनती, दुसरी सुईन बगा, माजा हात तितं चालत न्हाय." म्हणून आता तेल अंबूबाईच लावायच्या.

"आई, फिरतोय गं," शालू त्या सकाळी म्हणाली. नववा लागला होता. "बघ ना. गोल गोल फिरतोय."

त्यांनी पोटावर हात ठेवला. कातडी गरम होती. तळव्याखालून काहीतरी कठीण सावकाश सरकत गेलं, आणि त्याच्या कडेवर उंचवटे होते. सारख्या अंतरावर, स्वेटरच्या ओळींसारखे. बोट आपोआप मोजायला लागलं. एक. दोन. तीन. चार, ह्याच्यावर गाठ होती. पाच.

सहावी अजून मऊ होती.

बोटाखाली ती एकदा आखडली, मग विश्वासानं पुन्हा पसरली आणि बोटाला बिलगून राहिली. अंबूबाईंनी हात काढला नाही. शालू त्यांच्याकडं बघत होती, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. "राहिलं गं आई. ह्या खेपेला राहिलं."

"राहिलं बाळ," अंबूबाई म्हणाल्या.

बाहेर म्हैस हंबरली. गुंडू चरवी घेऊन बसला होता. अंबूबाई तेलाचा हात पदराला पुसत दारात आल्या. जाता जाता स्वयंपाकघरातली मिठाची बरणी त्यांनी उचलून आणली होती, ती त्याच्यापुढं ठेवली.

"ही तुझ्या जनावरांना घेऊन जा गुंडू. आम्हाला नको."

"बरं की आक्का. आणि दूध?"

त्यांनी क्षणभर मागं वळून बघितलं. आतून तो बारीक आवाज सुरू झाला होता. ताम्हन रिकामं होतं, दगड त्रिचनापल्लीला पोचला होता, आणि आवाज शालूच्या खोलीतून येत होता. वडील सांगायचे ते त्यांना आठवलं. एकदा घरात घेतला की उपाशी ठेवू नये.

"आजपासून दोन शेर वाढव," त्या म्हणाल्या.